'अ‍ॅट्रिब्यूशन'ला मराठीत काय म्हणावं? विक्री जाहिरातीच्या 'नावे' टाकायची की 'जमा' करायची?

ताणाबाणा: सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरवाल्यांसाठी ऑनलाइन विक्रीची माहितीपुस्तिका मराठीत करायची आहे. मूळ शब्द 'रेव्हेन्यू अ‍ॅट्रिब्यूशन'. आलेली ऑर्डर कोणत्या जाहिरातीमुळे आली, ते ठरवणं. मसुद्यात वाक्य आहे, 'ही विक्री इन्स्टाग्रामच्या नावे टाका.' हिशोबनीस म्हणतात, हे चूक. वहीत ज्याच्या 'नावे' टाकलं त्याच्याकडून येणं निघतं. 'जमा' लिहावं तर पैसे मिळाल्यासारखं वाटतं. 'श्रेयनिर्धारण' बरोबर असेल, पण पेठेतला माणूस तिथेच पान उलटेल. काय करावं?

रोजकीर्द: 'खतावणी' आहे की! कीर्दीतली, म्हणजे रोजच्या वहीतली, नोंद उचलून ज्या त्या खात्यावर नेणं म्हणजे खतावणी. ऑर्डर उचलायची, इन्स्टाग्राम, गूगल, व्हॉट्सअ‍ॅप अशा खात्यांवर न्यायची. तयार शब्द पडून असताना नवा घडवायचा कशाला?

शब्दसाल: शब्द गोड आहे, पण इथे फसवेल. खतावणीत नोंद कुठे जाणार हे आधीच ठरलेलं असतं. इथे वाद नेमका तिथेच आहे. २४०० रुपयांची ऑर्डर घ्या. गिऱ्हाइकाने १४ दिवसांपूर्वी रील पाहून क्लिक केलं, ७ दिवसांपूर्वी गूगलवर शोधून आला, आज व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंकवरून माल घेतला. शेवटच्या क्लिकची पद्धत धरली तर सगळे २४०० व्हॉट्सअ‍ॅपचे. पहिल्या क्लिकची धरली तर सगळे रीलचे. समान वाटणीत प्रत्येकी ८००. दर ७ दिवसांनी वजन निम्मं होतं असं धरलं तर साधारण ३४३, ६८६ आणि १३७१. ऑर्डर एकच, उत्तरं चार, आणि चारही वह्यांचा ताळा जमतो! म्हणून 'वाटणी' म्हणा. वाटणी म्हटलं की ती कोणी, कोणत्या नियमाने केली हा प्रश्न आपोआप येतो.

ताणाबाणा: या पद्धती अजून सगळीकडे मिळतात का?

शब्दसाल: वेबसाइटवरच्या भेटी मोजणाऱ्या गूगल अ‍ॅनालिटिक्सने पहिला क्लिक, समान वाटणी, काळानुसार घट आणि जागेनुसार वाटणी (पहिल्या-शेवटच्या क्लिकला जास्त) या चार २०२३ मध्ये काढून टाकल्या. आता शेवटचा क्लिक आणि डेटावरून ठरणारी वाटणी, एवढंच उरलंय. पुस्तिकेत जुन्या पद्धती समजावण्यापुरत्या ठेवा, 'सेटिंगमध्ये जाऊन निवडा' असं लिहू नका.

आडवाधागा: वाटणीलाही माझी हरकत आहे. वाटणीत बेरीज मूळ मालाएवढी होते. मेटाचा, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या कंपनीचा, अहवाल, काही बदललं नसेल तर, क्लिकनंतर ७ दिवसांत किंवा जाहीरात नुसती दिसल्यानंतर १ दिवसात झालेली खरेदी स्वतःकडे घेतो. तीच ऑर्डर गूगल अ‍ॅड्सही आपली म्हणून दाखवतं. दोन्हींची बेरीज करा, दुकानाच्या बिलांपेक्षा जास्त भरेल. ही वाटणी कुठली, हा दावा आहे. पुस्तिकेत 'दाव्याची विक्री' असाच शब्द ठेवा. शिवाय बिलांशी ताळा घेताना जीएसटी आणि कॅश ऑन डिलिव्हरीतून परत आलेला माल वजा करायला सांगा. जाहिरातीच्या अहवालात परतावा सहसा वजा झालेला नसतो.

मूळपीठ: पण 'श्रेय' का नको? मूळ संस्कृत 'श्रेयस्', म्हणजे अधिक चांगलं, कल्याणाचं. कठोपनिषदात श्रेय आणि प्रेय अशी जोडी आहे. आणि 'रेव्हेन्यू'ला कृपा करून 'महसूल' लिहू नका, तो अरबी आहे. 'उत्पन्न' म्हणा.

रोजकीर्द: मग 'हिशोब'ही अरबीच, तोही टाकणार का? 'उत्पन्न' म्हटलं की शेतकऱ्याला क्विंटल आठवतात, 'महसूल' म्हटलं की तलाठी. दुकानदार 'विक्री' म्हणतो. विषय संपला.

मूळपीठ: विषय संपत नाही. 'वापरात आहे' एवढ्यावर सगळं चालवलं तर उद्या 'अ‍ॅट्रिब्यूशन'च ठेवाल.

आडवाधागा: 'श्रेय'ला माझा विरोध वेगळ्या कारणाने आहे. श्रेय म्हटलं की 'त्याच्यामुळे झालं' हे गृहीत धरलं जातं, आणि नेमकं तेच अहवालातून कळत नाही. ते तपासायचं तर जाहिरात बंद करून पाहावी लागते. समजा लातूर आणि धाराशिवमधून एरवी सारख्याच ऑर्डरी येतात. चार आठवडे लातुरात चालू ठेवा, धाराशिवमध्ये बंद. लातूर १००, धाराशिव ७०. मग जाहिरातीने आणलेल्या ३०, अहवालात ६० दिसल्या तरी. उरलेल्या एरवीही आल्याच असत्या. याला 'वाढीव विक्री' म्हणा, कोणालाही कळेल. मात्र हा प्रयोग संक्रांतीच्या, सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या आसपास करू नका, तेव्हा सगळीच गणितं हलतात.

ताणाबाणा: आणि स्टॉलवरची, फोनवरची विक्री? ती कुठल्याच क्लिकमध्ये दिसत नाही.

शब्दसाल: स्टॉलच्या पत्रकावर वेगळा कूपन कोड छापा. फोनवर ऑर्डर घेताना 'कुठून कळलं?' विचारा आणि ऑर्डरवहीत त्यासाठी रकाना आखा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायच्या प्रत्येक लिंकला यूटीएम, म्हणजे गिऱ्हाईक कुठून आलं ते सांगणारी खूण, जोडा, नाहीतर ती भेट 'डायरेक्ट'मध्ये जाऊन पडते. यूटीएममधली इंग्रजी अक्षरं सगळी लहानच ठेवा. एकाने पहिलं अक्षर मोठं लिहिलं की एकाच व्हॉट्सअ‍ॅपच्या दोन ओळी होतात.

मूळपीठ: तुम्ही आत्ता 'भेट' लिहिलंत. गिऱ्हाइकाची दुकानाशी जिथे जिथे गाठ पडते त्या 'टचपॉइंट'ला तोच शब्द घ्या. पहिली भेट, शेवटची भेट. अस्सल मराठी.

रोजकीर्द: हे मान्य. आता 'खतावणी'चाही फेरविचार करा. 'खत' म्हणजे लेखी दस्त, त्यावरून आलेला शब्द आहे.

मूळपीठ: 'खत'वरून कसा? 'खातं'वरून. खात्यावर नेणं म्हणजे खतावणी, तुम्हीच वर लिहिलंय.

ताणाबाणा: मंडळी, छपाई तोंडावर आहे. 'वाटणी', 'दावा' की 'खतावणी', एक काहीतरी सांगा.

आडवाधागा: पुस्तिका सोलापूरच्या पूर्व भागातही, तेलुगू बोलणाऱ्या वस्तीत, वाटणार असाल तर 'लेक्क', म्हणजे हिशोब, लिहा. तेलुगूत तोच, कानडीतही तोच.