शब्दचर्चा: 'जबाबदार' आणि 'उत्तरदायी' एकच का?

प्रश्न (एक पालक, पूर्व भाग, सोलापूर)

माझी मुलगी सहावीत आहे. यंदा शाळा व्यवस्थापन समितीवर पालकांमधून मला घेतलंय आणि मुलांच्या सुरक्षेचा ठराव लिहायचं काम आमच्याकडे आहे. तयार मसुद्यात एक वाक्य असं आहे: 'शालेय आवारात विद्यार्थ्यांबाबत अनुचित प्रकार घडल्यास संबंधित जबाबदार राहतील.' मी म्हटलं, 'शाळा उत्तरदायी राहील' असं लिहा. सर म्हणाले, "दोन्हीचा अर्थ एकच की ताई, शब्दाला काय धरून बसायचं." खरंच एकच आहे का? त्या वाक्यातून काहीतरी निसटतंय असं वाटतं, पण कुठे ते सांगता येत नाही.

निवृत्त भाषाशिक्षिका, जुळे सोलापूर

कोश काढून बघितलात तर अर्थ जवळजवळ एकच. 'जबाबदार'मधला जबाब अरबी 'जवाब'वरून आला आणि 'दार' फारसी, 'उत्तरदायी' संस्कृत. दोन्हींचा गाभा उत्तर देणं हाच. पण वापरात 'जबाबदार'ला दोन वाटा फुटल्या. 'पोरगी मोठी जबाबदार आहे' हे कौतुक आणि 'अपघाताला चालक जबाबदार' हा ठपका. शाळा स्वतःबद्दल हा शब्द वापरतात तो पहिल्या अर्थाने. पोलीस ठाण्यात नोंदवतात तो जबाब याच शब्दात बसलाय, पण आता तो कोणाच्या कानाला लागत नाही. 'उत्तरदायी' नेमका आहे खरा, पण आपल्याकडे बोलण्यात कोण वापरतं? मी 'जबाबदार'च ठेवीन.

निसटतंय ते दुसरीकडे. 'संबंधित' म्हणजे कोण? आणि 'घडल्यास'! अपघात घडतो, अत्याचार कोणीतरी करतं. 'घडणे' वापरलं की करणारा वाक्यातून बाहेर जातो. 'अनुचित प्रकार' तर इतका सैल की भिंतीवर रेघोट्या ओढणंही त्यात मावेल.

वकील, जिल्हा न्यायालय

बाईंचं 'संबंधित'बद्दलचं म्हणणं कायद्यानेही बरोबर आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचं संरक्षण करणारा 2012चा कायदा, ज्याला आपण पॉक्सो म्हणतो, त्याच्या कलम 19नुसार गुन्ह्याची माहिती असलेल्या कोणीही ती पोलिसांना द्यायचीच आहे. न देणाऱ्याला कलम 21खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही, तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. म्हणजे कायदा 'संबंधित' म्हणून थांबत नाही, प्रमुखापर्यंत जातो. 2024च्या बदलापूर प्रकरणात माहिती न दिल्याबद्दल शाळेच्या पदाधिकाऱ्यांवर गुन्हा नोंदवला गेला तो याच तरतुदीखाली. राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये, माहिती असून न कळवणं हाच गंभीर गुन्हा आहे, असं म्हटलं होतं.

माझी सूचना: 'कसूर' हा शब्द घ्या. मूळ अरबी, अर्थ कमी पडणं. 'चूक झाली' म्हटलं की माफी मागून विषय मिटतो. 'कर्तव्यात कसूर' म्हटलं की कर्तव्य कोणतं आणि ते कोणाचं, हे आधी सांगावं लागतं.

आणखी एक पालक, अशोक चौक

तुम्ही सगळे मोठ्यांच्या शब्दांवर बोलताय. आमच्या घरी तेलुगू, शाळा मराठी. पोराला अंगाच्या भागांची नावं धड एकाही भाषेत सांगितलेली नाहीत, कारण घरात ती उच्चारायची नसतात. मग त्याच्यावर असं काही ओढवलं तर ते एवढंच म्हणणार, "सर लै त्रास देतेत." आणि 'त्रास' तर गृहपाठाचाही असतो, शेजारच्या बाकावरच्या पोराचाही असतो. ऐकणाऱ्याला काय कळणार?

निवृत्त भाषाशिक्षिका

दादा, तुमचं वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. संस्कृतात 'त्रास' म्हणजे भीती. त्रस्त म्हणजे घाबरलेला. मराठीत येता येता तो कटकटीइतका हलका झाला. लेकरू मात्र तो कधीकधी जुन्या अर्थानेच वापरतं.

नोकरीत असताना पाचवीतल्या एका मुलीने मला हेच शब्द सांगितले होते. मी तिला म्हणाले, "अभ्यास केलास तर सर कशाला रागावतील?" पुढे ती शाळेतच यायची थांबली. काय झालं होतं ते मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. ही माझी कसूर, आणि त्यासाठी मला दुसरा शब्द नको.

वकील

बाई, तुमच्या या लिहिण्याला जोडून 'तक्रार'बद्दल सांगतो. अरबीत 'तकरार' म्हणजे पुन्हा पुन्हा करणं. मुलांना हेच भोगावं लागतं: वर्गशिक्षकांना सांग, मग मुख्याध्यापकांना, मग संस्थेच्या लोकांसमोर. पॉक्सो हे टाळायला बघतो. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हवा तिथे घ्यायचा, पोलिसांनी गणवेशात जायचं नाही, साक्षीसाठी मुलाला कोर्टात वारंवार बोलवायचं नाही. म्हणून शाळेने आधी आपली चौकशी उरकून मग पोलिसांना कळवायचं, असं ठरावात कुठेही येऊ देऊ नका.

प्रश्न विचारणारी पालक

सगळ्यांचे मनापासून आभार. वाक्य असं केलंय: 'कोणत्याही विद्यार्थ्याने कोणाच्या वागण्याचा त्रास होतो असे सांगितल्यास ऐकणारी व्यक्ती त्याला शांतपणे विचारील. लैंगिक अत्याचाराची शंका येताच ती त्याच दिवशी पोलिसांना कळवील आणि गरजेप्रमाणे 1098 या चाइल्ड हेल्पलाइन क्रमांकाची मदत घेईल. यात कसूर झाल्यास ती व्यक्ती व मुख्याध्यापक दोघेही पालकांना आणि कायद्याला जबाब देण्यास बांधील राहतील.'

'शंका'च्या जागी 'खात्री' घाला, असा आग्रह कालच्या बैठकीत झाला. 'संशय' लिहिलं तर शिक्षकांवर आळ घेतल्यासारखं होतं, हे मला पटलं, म्हणून 'संशय' काढला. पण 'खात्री'ला मी नाही म्हणाले. कलम 19मध्ये गुन्हा होण्याची भीती वाटली तरी कळवायचं आहे ना, वकीलसाहेब? शनिवारी पुन्हा बैठक आहे. त्याआधी या एका शब्दाबद्दल लिहाल का?