१० किमी ४२ मिनिटांत पळतो, तरी पहिल्या फुल मॅरेथॉनला वाट लागली. पुढच्या वेळी काय बदलू?

वेताळटेकडी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसता वाचतोय, पहिल्यांदाच धागा काढतोय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

वय ३१, वजन ६८, पुण्यात राहतो. शाळा-कॉलेजात १५०० मीटर पळायचो, मग नोकरीत सगळं सुटलं, गेली चार वर्षं पुन्हा नियमित पळतोय. १० किमी ४२ मिनिटं, हाफ मॅरेथॉन (२१ किमी) १ तास ३४. ऑनलाइन कॅल्क्युलेटरमध्ये टाकलं तर फुलचा (४२ किमी) टाइम ३:१३ दाखवतं, म्हणून या जानेवारीत मुंबईला ३:१५ धरून उतरलो. ४:३५ चा पेस, म्हणजे किमीला ४ मिनिटं ३५ सेकंद, आणि खरं सांगतो पहिले १५ किमी इतके हलके गेले की मुद्दाम ब्रेक लावत होतो. हाफ १:३७ ला पार झाला, श्वास एकदम शांत. २८ व्या किमीला मांड्या दगडासारख्या झाल्या, ३२ व्याला दोन्ही पोटऱ्यांत गोळे, पेडर रोडचा चढ तर अख्खा चालत. शेवटी ४:०९.

टाइमचं दुःख आहेच, पण त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. माझा मित्र १० किमीला ५२ मिनिटं घेतो, आम्ही कधी सोबत पळालो तर मला त्याच्यासाठी थांबावं लागतं, तो ३७ व्या किमीला माझ्या खांद्यावर हात ठेवून पुढे गेला आणि ३:५८ ला संपवून मोकळा. त्याच्यासाठी मनापासून आनंद झाला, पण घरी आल्यावर दोन दिवस डोक्यात हेच, की वेगवान माणूस फुलला असा का कोसळतो? प्लॅन, खाणं, कोच, काय बदलू ते सांगा. पुढच्या जानेवारीत परत जायचंय.

पहाटपाखरू

आधी अभिनंदन. ३२ ला गोळे येऊनही दहा किमी रेटून फिनिश गाठलीस, ते सोपं नसतं.

आता तीन प्रश्न, खरी उत्तरं दे. आठवड्याला किती किमी व्हायचे? सगळ्यात लांब रन किती आणि तो कुठल्या पेसने? रेसमध्ये काय काय आणि कधी खाल्लंस? मित्राचंही विचार, आठवड्याचे किमी तरी.

वेताळटेकडी

ताई, आठवड्याला ३५ ते ४०. सगळ्यात लांब २६ किमी, तोही एकदाच, ४:५० च्या पेसने. जेल (पळताना खायची साखरेची पाकिटं) दोन घेतली, पहिलं २५ व्या किमीला, त्याआधी गरजच वाटली नाही. मित्राला आत्ताच फोन करून विचारलं, तो ऑक्टोबरपासून ६५ ते ७० करत होता, ३० च्या वरचे चार लाँग रन.

पहाटपाखरू

मग उत्तर तू स्वतःच लिहिलंयस बघ.

ते कॅल्क्युलेटर बहुतेक रीगलच्या सूत्रावर चालतात, अंतर दुप्पट झालं की वेळ दुपटीपेक्षा थोडा जास्त, १.०६ चा घात. त्याने तुझ्या ४२ मिनिटांचे ३:१३ होतात. आता मित्राचे ५२ टाक. ३:५९ येतात आणि तो पळाला ३:५८! म्हणजे सूत्र त्याच्या बाबतीत मिनिटाच्या फरकाने बरोबर आलं, तुझ्या बाबतीत तासभर चुकलं. कारण त्यात एक गोष्ट गृहीत असते, की त्या अंतराची तयारी तुम्ही पुरेशी केलेली आहे. त्याने केली होती, तू केली नव्हतीस, स्पष्ट बोलते राग मानू नकोस.

आणि हे वेगवान पोरांनाच जास्त होतं हे मी नऊ फुलमध्ये दरवेळी बघितलंय. ज्याला १० किमीला तास लागतो त्याला फुलची भीती असते, तो पहिल्या दिवसापासून किमी गोळा करतो. तुमच्यासारख्यांना ३५-४० किमीच्या आठवड्यावर ५ आणि १० किमीत मेडल मिळतात, हाफही निभावून जातो, त्यामुळे एवढं पुरतं असा शरीराचाही समज होतो आणि मनाचाही. ५ किमीत श्वास मर्यादा घालतो, दम लागला की कळतं जास्त झालं. फुलला दम लागतच नाही, तू म्हणालास ना श्वास शांत होता. ओरडणारं कुणी नसतं आणि खाली टाकी रिकामी होत असते.

गुडघादुखीवाला

फिजिओ आहे, त्या टाकीबद्दल थोडं लिहितो.

पळताना साधारण दर किलो वजनाला दर किमीला १ कॅलरी लागते. ६८ किलो म्हणजे ४२ किमीला २८५० च्या आसपास. ग्लायकोजेन, म्हणजे स्नायू आणि यकृतात साठवलेली साखर, सगळी मिळून २००० कॅलरीच्या आगेमागे. त्यातही हाताच्या स्नायूतलं ग्लायकोजेन पायाला देता येत नाही, ज्या स्नायूत आहे तिथेच वापरलं जातं, यकृतातलं तेवढं रक्तातून फिरतं. उरलेलं चरबीतून यायला हवं, आणि पेस जितका जास्त तितका साखरेचा वाटा जास्त, चरबीचा कमी. म्हणजे ४:३५ आणि ५:०० मध्ये फरक नुसता २५ सेकंदांचा नाही, इंधन कुठलं जळतंय त्याचा आहे. हळू आणि लांब पळून पळून चरबी वापरायची क्षमता वाढते, ती इंटरव्हल (थांबून थांबून जोरात पळायचे तुकडे) मारून तेवढी येत नाही.

दुसरं म्हणजे स्नायूंची झीज. प्रत्येक पाऊल जमिनीवर पडताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच आकुंचन पावत असतो, ४२ किमीला अशी तीसेक हजारांवर पावलं, त्यात बारीक बारीक इजा होत जाते. मांड्या दगड होणं बऱ्याच अंशी हेच, नुसती साखर संपणं नाही. तुझ्यासारखे १५०० वाले फास्ट ट्विच, म्हणजे झटपट आकुंचन पावणाऱ्या स्नायूतंतूंच्या जोरावर असतात, ते ताकदवान पण साखर भराभर संपवणारे. सावकाश चालणारे स्लो ट्विच थकले की शरीर फास्ट ट्विचनाच कामाला लावतं, मग त्याच पेसला जास्त ऊर्जा लागायला लागते. गोळे येण्याचं कारण मीठ कमी पडणं एवढंच नसतं, थकलेल्या स्नायूचं नियंत्रण बिघडतं, म्हणून सवयीच्या पेसपेक्षा जोरात पळणाऱ्याला जास्त येतात.

ट्रॅकप्रेमी

हे नुसतं आपल्यासारख्या हौशी लोकांचं नाही हो. युगांडाचा जोशुआ चेप्तेगेई, २०२० च्या ऑक्टोबरमध्ये वॅलेन्सियात १०,००० मीटरचा विश्वविक्रम केला, २६:११. ५००० चाही विक्रम त्याच्याच नावावर. डिसेंबर २०२३ मध्ये त्याच गावात पहिली मॅरेथॉन पळाला आणि २:०८:५९, नंबर ३७ वा! रीगलने काढलं तर त्याच्या १०,००० वरून दोन तासांच्या जेमतेम पुढे येतं. ब्रिटनच्या मो फराहचंही तेच, ट्रॅकवर ऑलिंपिकची गोल्ड घेऊन २०१४ ला लंडनला पहिली फुल पळाला, २:०८:२१ नी आठवा. पण तोच २०१८ ला शिकागोला २:०५:११ ने जिंकला. केनियाचा पॉल टेरगाट तर सहाव्या मॅरेथॉनला, २००३ च्या बर्लिनमध्ये, २:०४:५५ चा विश्वविक्रम करून गेला. म्हणजे वेग वाया जात नाही, त्याला लांब पल्ला शिकायला काही वर्षं लागतात.

सगळ्यांनाच लागतात असं नाही हेही सांगतो, इथिओपियाचा बेकेले पहिल्याच फुलला पॅरिसमध्ये २:०५:०४ ने जिंकला होता. आणि आपली साताऱ्याची ललिता बाबर उलट दिशेने गेली, मुंबईत भारतीय महिलांमध्ये तीनदा पहिली आली आणि मग स्टीपलचेसमध्ये (३००० मीटरची अडथळ्यांची शर्यत) रिओ ऑलिंपिकच्या फायनलपर्यंत पोचली. लांब पल्ल्याचा पाया असला की वर वेग चढवता येतो हे तिच्याकडे बघून मला नेहमी वाटतं.

मुक्काम_आखात

एक मुद्दा कुणी लिहिला नाही, हवा. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे चांगलीच थंडी असते, तू सगळी तयारी त्यात केलीस आणि मुंबईच्या दमट हवेत जाऊन तोच पेस धरलास. दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही, रक्त कातडीकडे वळतं आणि त्याच पेसला हार्ट रेट चढतो. मी दुबईत राहून मुंबईला येतो, आमचं उलट होतं, उन्हाळा काढल्यावर मुंबई मवाळ वाटते. पुण्याहून जाणाऱ्याने किमीमागे दहा सेकंद तरी हवेसाठी सोडावेत असं माझं मत. पाणी मात्र प्रमाणात, घाबरून प्रत्येक टेबलवर दोन-दोन ग्लास साधं पाणी ढोसू नका, रक्तातलं सोडियम खाली गेलं तर ते जीवावर बेततं.

शिस्तप्रिय

माझा सल्ला वेगळा आहे. पुढच्या जानेवारीत फुल करूच नकोस. वर्षभर हाफच कर, सातारा हिल हाफ कर, आठवडा ६० वर स्थिर कर आणि २०२७-२८ चं मग बघ. घाईने दुसऱ्यांदा आपटलास तर मनातून उतरेल.

वेताळटेकडी

सगळ्यांचे मनापासून आभार, दोनदा वाचलं सगळं. चेप्तेगेईचं वाचून जरा धीर आला.

शिस्तप्रिय, तुमचं म्हणणं पटतंय पण वर्षभर लांब ठेवलं तर मी परत ५-१० किमीतच रमेन, मला माझा स्वभाव माहीत आहे. दोन प्रश्न उरलेत. एक, इंटरव्हल पूर्ण बंद करू का? दोन, जेल घेतलं की मळमळतं, म्हणूनच मी २५ पर्यंत ढकललं होतं. त्याचं काय करू?

गुडघादुखीवाला

पोटालाही सराव लागतो. तासाला ६० ग्रॅम कार्ब धर, एका जेलमध्ये साधारण २० ते २५ असतात, म्हणजे तासाला अडीच जेल. एकदम नको, आधी लाँग रनमध्ये तासाला ३० ग्रॅम, मग दर दोन-तीन आठवड्यांनी वाढव. पहिलं अर्ध्या तासाला, भूक लागायची वाट बघायची नाही, आणि पाण्याबरोबर, इलेक्ट्रल किंवा दुसऱ्या गोड ड्रिंकबरोबर नाही, दोन्ही गोड एकत्र झालं की मळमळतं. जेल नाहीच झेपलं तर बिया काढलेले चार-पाच खजूर एका जेलइतके पडतात. रेसच्या आधीचे दोन दिवस भात, बटाटा, पोहे, साबुदाणा जास्त, तळलेलं आणि सॅलड कमी. वजन किलोभर वाढलं तर घाबरू नकोस, साखरेबरोबर पाणीही साठतं.

पहाटपाखरू

इंटरव्हल बंद नको, आठवड्याला एकच ठेव, तुझी ताकद आहे ती. बाकी सगळं हळू. हळू म्हणजे खरंच हळू, तुझ्यासाठी ५:४५ ते ६:१५. तू २६ किमी ४:५० ने पळालास ना, ती रेसच झाली, ट्रेनिंग नाही, आणि त्यातून सावरायला आठवडा गेला असणार. जूनपर्यंत ५० वर ये, पावसाळ्यात ५५-६०, ऑक्टोबरनंतर ६५-७०. ३० च्या वरचे चार रन, त्यातल्या दोनात शेवटचे १० किमी फुलच्या पेसने.

आणि तो पेस कॅल्क्युलेटरला विचारू नकोस. पुढच्या वेळी ३:३० धर, ४:५९ येतो. निम्म्यापर्यंत तोच, ३० ला पाय शिल्लक असले तर वाढव, माणसं मागे टाकत जाण्याची मजा तुझ्या मित्राला विचार. पेडर रोडच्या चढापेक्षा नंतर केम्प्स कॉर्नरकडचा उतार मांड्या जास्त खातो, तुझं नाव वेताळटेकडी आहे तर लाँग रनच्या शेवटी टेकडीवरून सावकाश उतरायचा सराव कर.

कोचसाठी आत्ताच पैसे घालू नकोस. आधी हे सहा महिने कर, मग अडलं तर बघू.

वेताळटेकडी

ताई, नोंद केली सगळी, ३:३० पक्कं. या रविवारी पाषाण तलावाकडून १८ किमी करतोय, पहाटे साडेपाच, पेस ६:१०. एकटा असलो की आपोआप ५ वर जातो म्हणून इथे लिहून ठेवतोय, कुणी येणार असेल तर सांगा.

पहाटपाखरू

मी येते, औंधला राहते. माझा तोच पेस आहे, बोलत बोलत होईल. खजूर मी आणते, तू जेल आण, पहिलं अर्ध्या तासाला माझ्यासमोर घ्यायचं.