मदत हवी आहे: ओजिब्वे या इथल्या मूळनिवासी लोकांचा वाइल्ड राइस बघायला कुठे जावं?

मिनेसोटातल्या मंडळींनो, जरा सांगा ना. ऑगस्टअखेर आईबाबा येतायत, बाबांचं आयुष्य भातशेतीत गेलंय म्हणून त्यांना उत्तरेकडच्या तळ्यांमधला मनोमिन (म्हणजे तळ्यात आपोआप उगवणारा वाइल्ड राइस, ओजिब्वे भाषेतलं नाव) दाखवायचाय. कनूत (लहान होडीत) दोघं असतात, एक जण लांब काठीने कनू ढकलतो आणि दुसरा दोन हलक्या दांडक्यांनी लोंब्या वाकवून दाणे आत पाडतो, जे पाण्यात पडतात ते पुढच्या वर्षीचं बी. मग भाजणं, पायांनी तुडवणं, पाखडणं (इथे बाबा मदतीलाच उतरतील बहुतेक!).

१८३७ च्या करारात ओजिब्वेंनी अमेरिकन सरकारला जमीन दिली पण हा भात गोळा करायचा हक्क ठेवला, मिल लॅक्सच्या ओजिब्वेंच्या केसमध्ये १९९९ ला सुप्रीम कोर्टानेही तो मान्य केला, म्हणजे हा काही टूरिस्ट शो नाही. म्हणूनच विचारतेय, मिल लॅक्स किंवा लीच लेक या ओजिब्वेंच्या भागांत पाहुण्यांना बघू देतात का, आधी कोणाशी बोलायचं, फोटो चालतात का?

आणि दुकानातला काळा चकचकीत नकोय, तो बहुतेक शेतात लावून मशीनने काढलेला असतो. हाताने झोडलेला, लाकडावर भाजलेला थेट त्यांच्याकडून कुठे मिळेल? त्याची खिचडी केलीये का कोणी, पाणी किती घालता?