रेनॉल्ड्स आज कुणी का वाचावा?

जुनीपाने:
जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स (१८१४–१८७९) हे नाव आज इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांनाही धड माहीत नसतं. पण १८४४ पासून त्याची 'मिस्टरीज ऑफ लंडन' ही कादंबरी हप्त्याहप्त्याने, दर आठवड्याला एका पेनीला विकली जायची आणि कामगारवस्तीत तिच्यावर उड्या पडायच्या. प्रेतं उकरून विकणारा 'रिझरेक्शन मॅन', बड्या घरांतली लफडी, टपालखात्यात चोरून उघडली जाणारी पत्रं... हे शेवटचं तर निव्वळ कल्पित नव्हे. लंडनला आश्रयाला आलेला इटलीचा क्रांतिकारक मॅझिनी, त्याची पत्रं सरकार फोडतंय, हा बभ्रा त्याच वर्षी झाला होता. लंडनच्या साध्या वाचकाला काय हवं होतं, ते डिकन्सपेक्षा इथे जास्त कळतं. अडगळीतले असले लेखक वाचायलाच हवेत.

तिरकस:
कळतं हो, पण वाचवत नाही! पानं भरायची म्हणून ताणलेली वर्णनं, योगायोगांचा सुळसुळाट, आणि पदर ढळल्याशिवाय प्रकरण पुढे सरकत नाही. काळाच्या चाळणीतून तो गळला, ते उगाच नाही. इतिहास म्हणून वाचा, कोण नको म्हणतंय? आणि 'कुणालाच माहीत नसलेला लेखक मी शोधला' ही ऐट त्या प्रेमात निम्मी तरी असतेच.

जुनीपाने:
ऐट असेल थोडी. पण चाळणी कुणाच्या हातात होती? रेनॉल्ड्स चार्टिस्ट, म्हणजे कामगारांना मताधिकार मागणाऱ्या चळवळीतला. मार्च १८४८ मध्ये ट्रॅफल्गार चौकातल्या सभेचा अध्यक्ष तोच. १८५० मध्ये त्याने काढलेलं वृत्तपत्र १९६७ पर्यंत चाललं. अशा माणसाला सभ्य समीक्षक कशाला जवळ करतील?

तिरकस:
राजकारण चांगलं म्हणून गद्य चांगलं होत नाही.

माजघर:
हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' (१८८५) रेनॉल्ड्सच्याच वळणाची, हे दोघेही विसरलात. तेव्हा ते जेमतेम एकविशीतले. पुढे 'पण लक्षात कोण घेतो!'मध्ये ते रहस्य-बिहस्य सगळं गेलं आणि यमूसारखी साधी नायिका आली. थोडक्यात, हरिभाऊंना रेनॉल्ड्स टाकावा लागला. पण टाकायला आधी वाचलेला तर हवा!

तिरकस:
अर्धं पटलं. पण हरिभाऊंनी वाचला म्हणून मी का वाचू?

जुनीपाने:
सगळा नका वाचू. ते टपालखात्याचं प्रकरण तेवढं बघा. तिथे ना पदर, ना योगायोग. लोकांची पत्रं उघडून, वाचून पुन्हा बेमालूम बंद करणारी सरकारी माणसं आहेत फक्त.

तिरकस:
बरं, तेवढं वाचतो. बाकीचे खंड तुम्हाला लखलाभ.