मदत हवी आहे: खुब्याचा सांधा बदलला, पण स्नायू किती सावरलेत हे कसं तपासायचं?

नमस्कार. प्रश्न आईबद्दल आहे. तिचा उजवा खुबा ऑस्टिओआर्थ्रायटिसने बरीच वर्षं झिजत होता, गेल्या वर्षी सांधा बदलला. दुखणं थांबलं, रात्रीची झोप लागू लागली, याचं खूप समाधान आहे. पण चालताना ती अजूनही उजवीकडे झुकते आणि चालणं जरा लांबलं की झोक वाढतो. एक्स-रे उत्तम आहे, सांधा जागच्या जागी आहे, व्यायाम करत राहा, असं सांगतात.

एक्स-रेत हाड आणि धातू दिसतो. स्नायूचं काय झालंय हे त्यात कळत नाही, आणि माझी सगळी काळजी तिथेच आहे.

जे समजून घेतलंय ते लिहिते, चुकत असेल तर सांगा. कुल्ह्याच्या बाजूला ग्लुटियस मिडियस आणि मिनिमस हे स्नायू असतात. एका पायावर उभं राहिलं की दुसऱ्या बाजूची कंबर खाली पडू न देणं हे त्यांचं काम, आणि चालताना दर पावलाला आपण क्षणभर एका पायावरच असतो. आईला उजव्या पायावर उभं केलं की डावी कंबर खाली जाते. फ्रीडरिख ट्रेंडेलेनबर्ग या जर्मन सर्जनने १८९५ मध्ये वर्णन केलेलं चिन्ह ते हेच. पण त्यातून स्नायू कमजोर आहे एवढंच समजतं, का कमजोर आहे ते नाही.

कारणं तर कितीतरी असू शकतात. दुखतंय म्हणून वर्षानुवर्षं त्या पायावर भार टाकला नाही, त्यात स्नायू वाळला असेल, त्यात चरबी मुरली असेल. डिस्चार्ज कार्डवर 'लॅटरल अप्रोच' (खुब्याच्या बाजूने शस्त्रक्रिया) लिहिलंय, म्हणजे मिडियसचा पुढचा भाग हाडापासून सोडवून परत शिवला असणार. ती शिवण धरली का? जवळून जाणाऱ्या नसेला इजा झाली का? की मूळ कंबरेतल्या मणक्यात आहे? प्रत्येक कारणाचा उपाय वेगळा, म्हणून 'व्यायाम करा' एवढ्यावर मन थांबत नाही.

फिजिओथेरपिस्ट पाय हाताने दाबून दर वेळी ताकद 'पाचपैकी चार' म्हणतात. त्यावरून सुधारणा कळते का? डाव्या पायाशी तुलना करावी, तर तो खुबाही थोडा झिजलेलाच आहे. आणि आत धातू असताना एमआरआय करता येतो का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. 'पाचपैकी चार' या श्रेणीत फार मोठा पल्ला सामावतो. ताकद बरीच वाढली तरी आकडा चारच राहू शकतो. हातात धरायचा डायनॅमोमीटर मिळतो का विचारा. आईंना झोपवून पाय बाहेरच्या दिशेला ढकलायला लावायचा, यंत्र जोराचा आकडा न्यूटनमध्ये देतं. यंत्र पट्ट्याने बांधलेलं असावं, नाहीतर तपासणाऱ्याच्या हाताची ताकद आड येते. पायावर ते दर वेळी त्याच जागी टेकवायचं, खुब्यापासूनचं अंतर मोजून जोराला त्याने गुणायचं आणि आईंच्या वजनाने भागायचं. तपासताना दुखलं का तेही लिहून ठेवा. दुखऱ्या सांध्याभोवतीचा स्नायू मज्जासंस्था आपणच आवरून धरते. तो आकडा कमी आला म्हणजे स्नायू गेला असं नव्हे.

डाव्या पायाबद्दलची तुमची शंका योग्य आहे. आईंची तुलना आईंच्याच आधीच्या मोजणीशी करा. जोडीला ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येतं ते, आणि ठराविक अंतर चालायला लागणारा वेळ. थकल्यावर झोक वाढतो म्हणताय, म्हणून ट्रेंडेलेनबर्ग चाचणीत ३० सेकंद उभं राहायला लावून बघा, शेजारी कुणीतरी हवंच. एक-दोन सेकंदांत जे दिसत नाही ते तेव्हा दिसतं.

काठी वापरत असतील तर ती डाव्या हातात. शस्त्रक्रियेच्या बाजूला धरलेली काठी या स्नायूचं ओझं फारसं उचलत नाही.

प्रतिसाद २

मी रेडिओलॉजिस्ट आहे. एमआरआय बहुतेक वेळा करता येतो, पण आत कुठला सांधा बसवलाय त्याचं कार्ड सोबत न्या आणि 'मेटल आर्टिफॅक्ट रिडक्शन'ची (धातूमुळे चित्रात येणारा बिघाड कमी करण्याची) सोय आहे का हे आधीच विचारा. धातू असताना ३ टेस्लापेक्षा १.५ टेस्लाचं (म्हणजे कमी ताकदीच्या चुंबकाचं) यंत्र सहसा बरं. तीन गोष्टी बघायला सांगा: शिवलेला स्नायूबंध हाडाला धरून आहे का, स्नायूचा आकार, आणि चरबी. चरबीसाठी गुटालिए श्रेणी वापरतात, ० ते ४. मुळात ती खांद्याच्या सीटी स्कॅनसाठी १९९४ मध्ये मांडली गेली. ३ म्हणजे चरबी आणि स्नायू निम्मे-निम्मे. मुरलेली चरबी व्यायामाने सहसा फारशी हटत नाही, उरलेला स्नायू मात्र बळकट होतो. मिनिमसच्या पुढच्या भागात थोडी चरबी उतारवयात तक्रार नसलेल्यांतही आढळते, त्याने घाबरू नका.

सोनोग्राफीत स्नायूची जाडी आणि स्नायूबंध दिसतो, पण करणाऱ्याचा हात सरावलेला हवा.

आणि तोच 'उत्तम' एक्स-रे पुन्हा दाखवा. मांडीच्या हाडाचा ऑफसेट (खुब्याच्या गोळ्याच्या मध्यापासून मांडीच्या हाडाच्या मधल्या रेषेपर्यंतचं आडवं अंतर) आणि पायांची लांबी दोन्ही बाजूंना मोजून मागा. ऑफसेट कमी झाला असेल तर स्नायूची तरफ आखूड होते आणि चांगला स्नायूही कमी पडतो. पाऊल किंवा अंगठा वर उचलायलाही जोर नसेल तर मणक्यातल्या एल-५ नसेचा विचार करावा लागतो, मग ईएमजी, म्हणजे स्नायूतल्या विद्युत संकेतांची तपासणी.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. अंगठा आत्ताच तपासला, जोर दोन्हीकडे सारखा वाटतोय. डायनॅमोमीटर आणि ऑफसेटचं याच आठवड्यात विचारते. अजून एक: शस्त्रक्रियेआधीच्या एमआरआयची सीडी घरात आहे. रिपोर्टमध्ये स्नायूंबद्दल एक ओळही नाही, फक्त सांध्याबद्दल आहे. तिचा आता काही उपयोग होईल का?

प्रतिसाद २

नक्कीच होईल. आडव्या छेदांमध्ये दोन्हीकडचे ग्लुटियल स्नायू आलेत का ते आधी बघायला सांगा. आले असतील तर चरबी तेव्हाच किती होती हे सीडीवरून ठरवता येईल आणि नव्या एमआरआयशी ताडून शस्त्रक्रियेनंतर काय बदललं ते वेगळं काढता येईल. जाताना रिपोर्टबरोबर सीडीही न्या.