चष्म्याची फ्रेम आणि नायटिनॉलचे दोन गुणधर्म

नायटिनॉल या मिश्रधातूची चष्म्याची फ्रेम वाकवली तरी शरीराच्या उष्णतेमुळे ती पूर्ववत होते, असे वर एका प्रतिसादात म्हटले आहे. त्यात थोडी भर घालतो. फ्रेम सरळ होते ती उष्णतेने नव्हे, तर अतिलवचिकतेमुळे. निकेल आणि टायटॅनियम यांच्या या मिश्रधातूत उच्च तापमानाला ऑस्टेनाइट आणि कमी तापमानाला मार्टेन्साइट अशा दोन स्फटिकरचना असतात. थंड अवस्थेत वाकवलेली तार गरम पाण्यात टाकताच सरळ होते, हा आकारस्मृतीचा परिणाम. पण तापमान आधीच पुरेसे जास्त असेल तर केवळ ताणाने मार्टेन्साइट तयार होते आणि ताण काढताच ते नाहीसे होते; हीच अतिलवचिकता. अशी तार सुमारे ८ टक्के ताणली तरी मूळ लांबीवर येते, जे पोलादाला मुळीच जमत नाही.

कोणता गुण मिळणार हे मार्टेन्साइटचे ऑस्टेनाइटमध्ये रूपांतर होण्याच्या तापमानावर ठरते आणि खरी मेख तिथेच आहे, कारण निकेल एक दशांश टक्क्याने वाढले तरी ते तापमान सुमारे १० अंशांनी उतरू शकते. पायाच्या धमनीत ती उघडी ठेवण्यासाठी बसवायचा स्टेंट (जाळीदार नळी) थंड करून, दाबून बारीक नळीत भरतात आणि नळी मागे ओढताच तो आपोआप फुलतो. त्यासाठी हे तापमान शरीराच्या ३७ अंशांहून कमी ठेवावेच लागते. याउलट, एफ-१४ या अमेरिकी लढाऊ विमानांतील नळ्यांचे जोड द्रवरूप नायट्रोजनमध्ये थंड करून बसवत, आणि सामान्य तापमानाला येताना ते आकसून घट्ट आवळले जात.