विषय: एप्रिलमध्ये ठाण्याला जातोय, मुलांना उन्हापासून कसं जपावं?

प्रेषक: एक सभासद, इंग्लंड

नमस्कार मंडळी,

ईस्टरच्या सुट्टीत भाच्याच्या मुंजीसाठी ठाण्याला जातोय. मुक्काम सासरी, घोडबंदर रोडला. बरोबर १५ वर्षांचा मुलगा, ७ वर्षांची लेक आणि जावेचं ५ महिन्यांचं बाळ. इथल्या थंडीतून मुलांना एकदम तिकडच्या उन्हात न्यायची धास्ती वाटते. एसपीएफ ५० चं सनस्क्रीन पुरेल का? इथूनच आणू का? सासूबाई म्हणतात, जाताना खोबरेल लाव, आल्यावर बेसनात लिंबू पिळून चोळ. मुलांनी वॉटर पार्कचा हट्ट धरलाय तो वेगळाच. ठाण्यात राहणाऱ्या जुन्या सभासदांनी कृपया सांगावं.

---

विषय: उत्तर: एप्रिलमध्ये ठाण्याला जातोय

प्रेषक: जुनी सभासद, सध्या मुक्काम नौपाडा, ठाणे

अगं, सनस्क्रीनचं नंतर बघू, आधी घड्याळाचं बघ. एप्रिलच्या मध्यात लंडनला भर दुपारी सूर्य ४८ अंशांच्या आसपास असतो, ठाण्यात तो ८० अंशांपर्यंत चढतो. १६ मेच्या सुमारास तर अगदी डोक्यावर येऊन सावलीच नाहीशी होते. किरण जितके सरळ, तितकी त्यांना गाळणारी हवा कमी. म्हणून इथला अतिनील निर्देशांक, म्हणजे उन्हातल्या त्वचा भाजणाऱ्या किरणांचा जोर सांगणारा आकडा, एप्रिल-मेच्या दुपारी ११ च्या वर जातो, आणि हा आकडा ३ झाला की तेव्हापासूनच जपायचं असतं. शिवाय इथे सूर्य माथ्यावर येतो तो साडेबारानंतर, त्यामुळे तीन वाजताही ऊन भाजतं. लेकीला एक सोपी खूण शिकव: आपली सावली आपल्यापेक्षा आखूड दिसली की आडोशाला जायचं. उपवनला, तलावपाळीला फिरायचं ते सकाळी लवकर किंवा पाचनंतर. राम मारुती रोडची खरेदीही संध्याकाळीच उरका.

मग कपडे. पातळ पांढऱ्या सुती कापडातून बरंच ऊन आत येतं, ओलं झालं की आणखी. घट्ट विणीचा, गडद रंगाचा, पूर्ण बाह्यांचा सैल कुर्ता आणि चहूबाजूंनी काठ असलेली टोपी घ्या. नुसत्या क्रिकेटच्या टोपीने कान आणि मान उघडीच राहतात.

आता सनस्क्रीन. एसपीएफ ३० त्वचा भाजणारे सुमारे ९७ टक्के किरण अडवतं, ५० सुमारे ९८. म्हणजे आकड्यापेक्षा लावण्याचं प्रमाण महत्त्वाचं, आणि आपण सगळे फार थोडं लावतो. मोठ्या माणसाला चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांवर लांबीभर रेघा लागतात. निघण्याच्या १५-२० मिनिटं आधी लावा, दर दोन तासांनी पुन्हा, घाम पुसला किंवा पाण्यात गेलात की लगेच. कान आणि चपलेतून दिसणारी पावलं विसरू नका. मुंजीचा मुहूर्त सकाळचा असला तरी हॉलबाहेर फोटो काढेपर्यंत दुपार होतेच! इथे औषधांच्या दुकानात सगळं मिळतं, पण लेकीच्या अंगवळणी पडलेलं असेल तर तेच आण.

बाळाला मात्र काही लावू नका. ६ महिन्यांच्या आतल्या बाळाला सावली आणि सुती कपडा, बस. बाबागाडीवर ओढणीही टाकू नका, आत हवा कोंडून तापते.

सासूबाईंना माझा नमस्कार सांग, पण लिंबू नको म्हणजे नकोच. लिंबाचा रस कातडीवर राहिला आणि ऊन पडलं, तर त्यातल्या द्रव्यांमुळे भाजल्यासारखे फोड येतात आणि मागे काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. लेक सरबताला लिंबं पिळायला बसली, तर साबणाने हात धुतल्याशिवाय गच्चीत जाऊ देऊ नकोस. खोबरेल रात्री खुशाल लावा, उन्हाला ते आवर घालत नाही.

आणि कोणी पोरीला "किती काळी पडलीस गं" म्हणालं, तर तिथल्या तिथे थांबव. आपण त्वचा जपतोय, रंग नाही. गोरं करणारं म्हणून कोणी मलम दिलं तर घेऊच नका. अशा कित्येक मलमांत स्टेरॉइड असतं, त्याने कातडी पातळ होते.

---

विषय: उत्तर: उत्तर: एप्रिलमध्ये ठाण्याला जातोय

प्रेषक: एक सभासद, इंग्लंड

काकू, मनापासून आभार. लिंबाचं माहीतच नव्हतं, सासूबाईंना आजच फोन करते. दोन शंका: मुलगा मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लिन घेतो, त्याला चालेल का? आणि डासांचं क्रीम सनस्क्रीनवर लावायचं की आधी?

---

विषय: उत्तर: उत्तर: एप्रिलमध्ये ठाण्याला जातोय

प्रेषक: जुनी सभासद, ठाणे

बरं झालं विचारलंस. डॉक्सिसायक्लिनने त्वचा उन्हाला फार हळवी होते, थोड्या उन्हानेही भाजते. गोळी आपणहून बंद करू नका, निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. वॉटर पार्कला त्याला तर पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाखच घाल, लेकीलाही तोच. पाण्यात गारवा वाटतो म्हणून मुलं बाहेर येत नाहीत, पण पाण्याच्या वर जितके अतिनील किरण असतात, त्यातले सुमारे ४० टक्के अर्धा मीटर खोलवरही पोचतात. सकाळी दार उघडताच जा, दुपारी छपराखाली बसवा.

सनस्क्रीन आधी, ते मुरलं की त्यावर डासांचं क्रीम. दोन्ही एकत्र असलेलं घेऊ नका: सनस्क्रीन पुन्हापुन्हा लावावं लागतं, डासांचं तसं लावायचं नसतं.

त्वचा लाल झालीच तर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा, बर्फ किंवा टूथपेस्ट नाही. भरपूर पाणी, पन्हं पाजा. फोड आले, ताप चढला किंवा पोर मलूल दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.